वेळापत्रक फ्रिजवर, दिवस भलतीकडेच

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. थोरली दहा वर्षांची, धाकटा साडेपाच. चौथीची परीक्षा झाल्यावर आम्ही थोरलीचं नाव शाळेतून काढलं. शाळेवर राग नाही, पण रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं, आणि घरी आल्यावर ती तासभर कुणाशी बोलायची नाही. दोन वर्षं हे पाहिलं आणि मग आम्ही दोघांनी ठरवलं. धाकट्याला शाळेत घातलंच नाही. दोघांना घरीच शिकवते.

जूनमध्ये मी हौसेनं वेळापत्रक केलं. आठ ते आठ-चाळीस मराठी, पावणेनऊ ते साडेनऊ गणित, मग इंग्रजी, परिसर अभ्यास, चित्रकला. रंगीत पेनांनी लिहून फ्रिजवर लावलं. अकरा दिवस चाललं. मग दुसरं केलं, तिसरं केलं. सध्या चौथं लावलेलं आहे, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. मिस्टरांचं काम अमेरिकेच्या वेळेनं, घरूनच. दुपारी तीनला बसतात ते रात्री साडेबारा-एक होतो, सकाळी साडेनऊला उठतात. तोवर मुलांना "हळू बोला" म्हणण्यातच माझी सकाळ जाते. सासूबाई पहाटे उठतात, त्यांची पूजा, त्यांचं पथ्याचं वेगळं. बारा वाजले तरी मी ओट्याशीच असते आणि मुलं मोबाइलवर. संध्याकाळी माझा आवाज चढतो, रात्री झोप लागत नाही. परवा थोरली म्हणाली, "आई, आज काय काय आहे ते सांगू नको ना." समोरच्या काकू रोज विचारतात, "मग, आज काय शिकवलं?" सासूबाई म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, शाळेत घाला.

मला दिनक्रम लावून द्या. नाहीतर सरळ सांगा, पुन्हा शाळेत घालू का?

दोघांची आई, धायरी

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमचं वेळापत्रक आणि तुमचं घर शेजारी-शेजारी लिहून काढलं. सासूबाईंची पूजा वेळापत्रकात नाही. मुलांच्या बाबांची झोप नाही. कुकर, कणीक, पथ्याची भाजी नाही. धाकट्याचं दुपारचं पेंगणं नाही. तुमच्या घरात रोज जे घडतं त्यातलं काहीच त्या कागदावर नाही, आणि कागदावर जे आहे ते सगळं शाळेतून आलेलं आहे. अकरा दिवस ते टिकलं, तेही तुमच्या जिद्दीवर.

मी माझी दोन्ही मुलं वाईला घरीच शिकवली, नऊ वर्षं. पहिल्या पावसाळ्यात मीही असाच तक्ता भिंतीवर लावला होता. एक दिवस थोरला खिडकीत बसून पुस्तक वाचत होता, जगाचं भान नव्हतं त्याला. तक्त्यावर भूगोल होता. मी त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि नकाशाची वही दिली. ते पुस्तक त्यानं पुढे कधी हातात घेतलं नाही. ही गोष्ट मला अजून लागते, म्हणून तुम्हाला आधी सांगितली.

शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा का असतो, ते बघा. शिक्षकांना पुढच्या वर्गावर जायचं असतं. चाळीस-पन्नास मुलांना एका वेळी बसवायचं, उठवायचं असतं. तिथे घंटा लागतेच, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या घंटेतला बराचसा वेळ हजेरी, शांत करणं, फळ्यावरचं उतरवून घेणं आणि वह्या गोळा करणं यात जातो. तुमच्या घरात दोन मुलं आहेत. दहा वर्षांच्या मुलीशेजारी तुम्ही स्वतः बसलात, तर वही-पुस्तकाचं काम दिवसाला दीड-दोन तासांत होतं, आणि तेही सलग नव्हे. साडेपाच वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं पुष्कळ झाली. २०२०मध्ये शाळा बंद असताना केंद्र सरकारनं 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं सांगितली होती, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची. घरी बसलेल्या मुलाला पडद्यासमोर याहून जास्त शिकवू नये, असं सरकारलाही वाटलं होतं. तुम्ही आठपासून पाच विषय मांडून बसलात, तेव्हा दुपारी बारापर्यंत कुणाच्याच अंगात त्राण उरलं नसणार.

आता काय करायचं ते सांगते. गणपतीला अजून पंधरा दिवस आहेत. तेवढे दिवस काहीही लावू नका. फ्रिजवरचा कागद थोरलीला काढायला सांगा, तिनंच काढायला हवा. मग एक साधी वही घ्या आणि आठवडाभर घरात काय घडतं ते फक्त लिहा. काय घडायला हवं ते नाही. दूध कधी आलं, नळाला पाणी कधी आलं, पूजेची घंटा कधी वाजली, कचरा न्यायला ताई कधी आल्या, कुकरच्या शिट्ट्या कधी झाल्या, बाबा कधी उठले, धाकटा कधी चिडचिडा झाला, सोसायटीतली मुलं कधी खाली उतरली. आठवड्यानं वही उघडलीत की दिसेल, यातल्या सहा-सात गोष्टी एकही दिवस चुकलेल्या नाहीत. तुमच्या घराला घंटा आहेतच, फक्त त्या पितळेच्या नाहीत. दिवस या खुंट्यांना टांगायचा.

म्हणजे "सव्वाआठला वाचन" असं म्हणायचं नाही. "पोह्यांची ताटली घासून ठेवली की वाचन" म्हणायचं. ऐकायला फरक लहान वाटतो, पण मी दोन्ही जगून पाहिलंय. सव्वाआठ म्हटलं आणि आठ-पस्तीस झाले की आई उशिरा, मुलं उशिरा, सगळा दिवस हुकलेला, आणि हुकलेल्या दिवसात माणूस पुढचं काही करत नाही. ताटली घासल्यावर बसायचं असेल तर उशीर होतच नाही. पाहुणे आले, दूध नासलं, पोहे साडेनऊला झाले, तरी त्यानंतर वाचन येतंच. आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला 'पावणेनऊ' कळत नाही, 'पोहे झाले की' लगेच कळतं. दोन आठवड्यांत तोच तुम्हाला हाताला धरून घेऊन जाईल.

खुंट्या तीनच ठोका. जास्त नकोत.

पहिली सकाळची. तुमची सकाळ "हळू बोला" म्हणण्यात जाते, कारण बाबा झोपलेले असताना मुलांनी घरात असायचं असं तुम्ही धरून चालला आहात. रात्री एकपर्यंत काम करणाऱ्या माणसाला साडेनऊपर्यंतची झोप हवीच, ती कापू नका. मुलांना बाहेर काढा. सासूबाईंना पूजेला फुलं लागतात. श्रावण आहे, लवकरच दूर्वा आणि पत्री लागेल. दूध पिऊन झालं की दोन्ही मुलांनी परडी घेऊन आजीबरोबर खाली जायचं. जास्वंद, कण्हेर, आघाडा, दूर्वा. एकवीस दूर्वांची जुडी साडेपाच वर्षांच्या मुलाकडून बांधून घ्या, त्याची मोजणी त्यातच होते. पाऊस असेल तर छत्री घेऊन जायचं. त्या अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही कणीक भिजवा, डाळ लावा.

वर आल्यावर नाश्ता, आणि नाश्त्याची ताटली घासली की बैठक. बाबा अजून झोपलेले असतात, म्हणून या बैठकीत आवाजाची कामं घेऊच नका. वाचन, शुद्धलेखन, चित्र, अक्षर गिरवणं ही मुळातच शांत कामं आहेत, ती इथे बसतात. बाबा उठले, चहा झाला की आवाजाची कामं सुरू: गणित, पाढे, विज्ञानातले प्रयोग, इंग्रजी मोठ्यानं वाचणं. आणि ही दुसरी बैठक बाबांची.

इथे मला थोडं थांबायचं आहे. तुमच्या पत्रात शिकवणं, स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य, शेजाऱ्यांना उत्तरं, सगळं तुमच्याकडे आहे. शाळेतून काढायचं तुम्ही दोघांनी ठरवलं असं तुम्हीच लिहिलंय. साडेनऊ ते तीन हा माणूस घरात आहे, जागा आहे. मी कैक घरं पाहिली, जिथे वडील कामावरून रात्री आठला दमून येतात आणि रविवारीच काय ते मुलांना भेटतात. अमेरिकेच्या वेळेनं काम करण्याचे हाल मला कळतात, पण त्यातून तुमच्या घराला एक गोष्ट मिळाली आहे जी दुसऱ्यांना मिळत नाही: दिवसाउजेडी बाप घरात. रोज एक तास गणित त्यांचं. त्याला 'मदत' म्हणू नका. मदत म्हटलं की ती मागावी लागते आणि मीटिंग आली की रद्द होते. तो तास त्यांचा आहे, तुम्ही त्या खोलीत जायचं नाही, कसं शिकवतात ते दारातून बघायचंही नाही. ते चुकतील, पहिल्या आठवड्यात चिडतीलही. चुकू द्या. त्या तासात तुमचा स्वयंपाक होतो, आणि बारा वाजता ओट्याशी उभं राहण्याची तुमची तक्रार बऱ्यापैकी मिटते.

राहिलेल्या स्वयंपाकात मुलांना घ्या. त्याला घरकाम समजू नका, शिक्षणाचं गोंडस नावही देऊ नका. घर सगळ्यांचं आहे, म्हणून. मटार सोलणं, मेथी निवडणं, ताटं मांडणं धाकट्याला येतं. थोरलीला आता कुकर लावता यायला हवा: किती तांदूळ, किती पाणी, किती शिट्ट्या. पहिल्या महिन्यात तुमचं काम वाढेल, भात एक-दोनदा गिचका होईल. दिवाळीपर्यंत ते कमी झालेलं दिसेल.

दुसरी खुंटी जेवणानंतरची. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ती. जेवण झालं, ओटा पुसला की तासभर घरात प्रत्येकजण आपापल्या जागी. झोपलंच पाहिजे असं नाही. धाकट्यानं आडवं व्हायचं, चित्रांचं पुस्तक पोटावर घेतलं तरी चालेल. थोरलीनं एकटीनं जे करायचं ते करायचं. तुम्ही आडवं व्हायचं. कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, फोनवर उद्याचा अभ्यास शोधायचा नाही. दिवसभर मुलांसोबत असणाऱ्या बाईला दुपारचा हा तास मिळाला नाही तर संध्याकाळी आवाज चढणारच. तुमचा चढतो, माझाही चढायचा. शाळेत मुलांना घालणाऱ्या आईला पाच-सहा तास घर मिळतं, तुम्ही ते सोडलंय. त्यातला एक तास तरी परत घ्या.

या तासात थोरली "कंटाळा आलाय" म्हणेल. म्हणू द्या, उत्तर देऊ नका. शाळेतून नुकतं बाहेर आलेलं मूल बराच काळ कुणीतरी पुढचं काम सांगण्याची वाट बघत असतं. ती वाट बघणं संपायला महिने लागतात. माझ्या धाकट्यानं अशाच दुपारी घरातलं जुनं घड्याळ उघडलं. ते परत कधी चाललं नाही, पण तो पुढे काय शिकला त्याची सुरुवात त्या पसाऱ्यात होती.

मोबाइलबद्दल एवढंच. पहिली आणि दुसरी खुंटी यांच्यामध्ये मुलांच्या हातात मोबाइल नको. ठराविक वेळ ठेवायचीच असेल तर ती वामकुक्षीनंतरची, आणि फोन सगळ्यांसमोर, बाहेरच्या खोलीत. "अभ्यास झाला की मोबाइल" असं बक्षीस लावू नका, त्यानं अभ्यासाची किंमत उतरते आणि मोबाइलची वाढते.

पाच ते सात हा वेळ मोकळा सोडा. त्यात क्लास नको, राहिलेलं गणित नको. सोसायटीतली मुलं शाळेतून येऊन, दूध पिऊन त्याच वेळी खाली उतरतात. तुमच्या मुलांना मित्र मिळायची वेळ तीच. घरी शिकणाऱ्या मुलांचा सकाळचा वेळ जाईल तेव्हा जाईल, संध्याकाळ गमावता कामा नये.

तिसरी खुंटी दिवेलागणीची, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याची. आपल्या घरांत एक रीत होती, परवचा म्हणायची. दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन बसायचं, शुभं करोति, मग पाढे, तिथी, महिने, नक्षत्रं. पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे. तुमच्या सासूबाईंना यातलं काही नक्की येत असेल. त्यांना विचारा. म्हणून दाखवायला लावू नका, फक्त विचारा, "तुमच्या लहानपणी दिवा लागल्यावर काय म्हणायचात?" आणि बघा.

पाचवीच्या गणितात अपूर्णांक आहेत. पाऊण म्हणजे ३/४ हे कागदावर शिकवताना मुलं गोंधळतात, पण भाषेत आपल्याकडे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन यांना स्वतंत्र शब्द आहेत, आणि रोज तोंडात आहेत. ज्या मुलीला चारची पाऊणकी तीन हे म्हणता येतं, तिला चाराचा ३/४ भाग समजायला वेळ लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांचा परवचा, आजीनं घ्यायचा, तुम्ही त्यात नाही. "शाळेत घाला" असं म्हणणाऱ्या आजी आज तुमच्या घरात बघ्याच्या जागी उभ्या आहेत. त्यांच्या नातवंडांना काही येणार नाही ही त्यांची भीती खरी आहे. त्यांना रोजची एक जागा द्या. माझ्या सासऱ्यांनी आमच्या निर्णयाला दोन वर्षं विरोध केला. थोरला त्यांच्याकडे मोडी वाचायला बसू लागला तेव्हापासून गावात कुणी विचारलं की तेच उत्तर द्यायचे. मला द्यावं लागत नसे.

रात्रीबद्दल थोडं. बाबांचं काम उशिरापर्यंत चालतं म्हणून मुलंही जागी राहत असतील तर ते बंद करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारची धरून १० ते १३ तास. सकाळच्या शाळांमुळे मुलांची झोप होत नाही म्हणून महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी ९च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. सरकारला आदेश काढावा लागला, ते तुमच्या घरात एका दिव्याच्या बटणावर आहे. बाबांनी आठ-साडेआठला वीस मिनिटं उठून मुलांबरोबर जेवायचं, आणि त्यानंतर घरातले मोठे दिवे बंद.

एवढंच रोजचं. त्याखेरीज आठवड्यातला एक दिवस वेगळा ठेवा, आणि पुण्यात तो गुरुवारच ठेवा. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद असते ती बहुतेक गुरुवारीच. घरात बसून कुढण्यापेक्षा डबा घेऊन बाहेर पडा. इतर मुलं शाळेत असतात, तेव्हा केळकर संग्रहालयात तुम्ही अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या कपाटांपुढे हवा तितका वेळ उभ्या राहू शकता, मागून कुणी ढकलत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाला बुधवारी सुट्टी असते, गुरुवारी ते उघडं असतं. आणि तुम्हाला तर खडकवासला हाकेच्या अंतरावर.

खडकवासल्यावरून सांगते, सध्या रोज करता येईल अशी एक गोष्ट. पावसाळ्यात पेपरात धरणसाठ्याचा तक्ता येतो. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला. चारही मिळून क्षमता २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यात खडकवासल्याची एकट्याची १.९७. थोरलीनं रोज ते आकडे एका वहीत उतरवायचे, आजीनं चष्मा लावून वाचून दाखवायचे. दशांश चिन्ह, वजाबाकी, पुढे टक्केवारी, सगळं त्यात येतं, आणि एका गुरुवारी सगळ्यांनी धरणावर जाऊन दारं उघडलेली बघायची. मुठा नदीत पाणी का सोडतात, सगळ्यात लहान धरणातूनच का सोडतात, हे ती तुम्हाला विचारेल. चारही धरणांचं पाणी शेवटी खडकवासल्यात येतं आणि तेच सगळ्यांत आधी भरतं, हे नकाशा उघडून दोघींनी मिळून शोधा. आजीला १९६१च्या पानशेतच्या पुराबद्दल विचारा. पुण्यातल्या जुन्या घरांत प्रत्येकाकडे त्या १२ जुलैची एक गोष्ट असते.

पुस्तकांची चिंता करू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. त्यांच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही तसेच मिळतात, त्यातले काही छापून घेऊन बैठकीत ठेवा. महागडे वर्कबुकांचे संच आत्ता घेऊ नका.

आता थोरलीचं वाक्य. "आज काय काय आहे ते सांगू नको ना." तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, मला ते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. शाळेतून आल्यावर ही मुलगी तासभर बोलतच नव्हती, सकाळी पोटात दुखायचं तिच्या. आता काय नको ते तिनं तोंडानं सांगितलं. तिला दिवसाचा आराखडा हातात द्या. रविवारी संध्याकाळी तुम्ही दोघी बसा. आठवड्यात इतकी पानं गणित, इतकं वाचन, दोन पत्रं किंवा निबंध, एवढं तुम्ही ठरवा. कुठल्या दिवशी काय, आधी काय, नंतर काय, हे तिनं तिच्या वहीत लिहायचं. सोमवारी सगळं गणित करून टाकते म्हणाली तरी हो म्हणा. बुधवारी तिला कळेल की तसं जमत नाही, आणि पुढच्या रविवारी तीच वाटून लिहील. रोज सकाळी "आज काय आहे" हे तुम्ही सांगायचं नाही. तिनं सांगायचं.

गौरी-गणपतीत, दिवाळीत, कुणी आजारी असताना बैठकी मोडतील. मोडू द्या. तेव्हा फक्त तिसरी खुंटी धरून ठेवा, दिवा लावून पाच मिनिटं का होईना. एक धागा तुटला नाही की बाकीचे परत बांधायला सोपे जातात. गणपतीच्या दहा दिवसांत अभ्यासाचं नाव काढू नका. पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव बरं" असंही नको.

समोरच्या काकूंना रोज उत्तर द्यायचं काही कारण नाही. काकूंना मुलांनाच विचारू द्या. थोरली धरणातलं पाणी सांगेल.

शाळेत परत घालू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणं हे आई-वडिलांचं कर्तव्य म्हटलेलं आहे. ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा मात्र कायद्यात सांगितलेली नाही. परीक्षेची वाट बंद झालेली नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत, आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म आहेच. म्हणजे घाबरून निर्णय घ्यावा अशी घाई तुमच्यावर नाही.

पण जूनपासूनचे तीन महिने तुम्ही घरी शाळाच चालवलीत, घरी शिकणं अजून सुरू झालेलं नाही. त्यावरून निकाल लावू नका. दिवाळीपर्यंत या तीन खुंट्या चालवून बघा. मग थोरलीला विचारा, तुम्ही दोघांनी, आजीसकट. ती म्हणाली की मला शाळेत जायचंय, मैत्रिणी हव्यात, तर घाला तिला शाळेत, दुसऱ्या एखाद्या, आणि त्यात हार वाटून घेऊ नका. धाकटा घरी, थोरली शाळेत, अशी घरंही मी पाहिली आहेत आणि चांगली चालली आहेत. मात्र संध्याकाळी तुमचा आवाज चढला आणि काकूंनी विचारलं म्हणून त्या दिवशी रात्री ठरवू नका. मोठ्या गोष्टी रात्री अकरानंतर ठरवायच्या नाहीत, हा आमच्या घरातला नियम होता, तुम्हीही लावून बघा.

दिवाळीनंतर मला पत्र पाठवा. वेळापत्रक पाठवू नका. त्या आठवड्यातल्या एका दिवसाबद्दल थोरलीला लिहायला सांगा, सकाळी दूध पिण्यापासून दिवा लागेपर्यंत, तिच्या अक्षरात, चुका न सुधारता.

तुमची,
ताई